लाल टॉवेल दिसला का?

सोलिनाप घराण्यात कुणी विमानाने जायचं म्हणजे आधी जीपनी, म्हणजे जीपसारखी लांबट प्रवासी गाडी, ठरवायची, तीत चौदा माणसं कोंबायची, भाताचं पातेलं आणि कोंबडीच्या अदोबोचा डबा घ्यायचा आणि उड्डाणाच्या चार तास आधी विमानतळावर जाऊन बसायचं. जाणारं माणूस एक, पोचवणारी तेरा. फिलिपिन्समधल्या इलोइलोचा विमानतळ शहरातच मांदुरियाओला होता तेव्हापासूनची ही रीत. पुढे विमानतळ शहराबाहेर भाताच्या शेतांत गेला, तशी रीतही त्याच्या मागोमाग तिथे गेली. यंदा मात्र ती मोडायची असं रिझालिनने मनाशी पक्कं केलं होतं.

रिझालिन एकोणतीस वर्षांची, शहरातल्या एका औषधांच्या दुकानात कामाला. आजकाल लोक फिरायला कसे जातात हे तिला तोंडपाठ होतं. विमान कंपनीचा सेल लागला की सहा महिने आधी तिकीट काढून ठेवायचं. सात किलोची एक पाठपिशवी, बाकी सामान नाही. राहायची खोली मोबाइलवर, बोर्डिंग पास मोबाइलवर, आणि घरून निघायचं ते भाड्याच्या गाडीने, गाजावाजा न करता. तिच्या दुकानातल्या सगळ्या पोरी अशाच जायच्या. शनिवारी सेबू, सोमवारी पुन्हा काउंटरवर हजर, आणि फोटो तोवर सगळ्या जगाने पाहिलेले.

या वेळी तिच्याबरोबर जाणार होती तिता बेबी, तिची मावशी. रिझालिन सहा वर्षांची असताना तिची आई हाँगकाँगला घरकामाला गेली, ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून पोरीची वेणी घालण्यापासून शाळेतल्या बाईंशी भांडण्यापर्यंत सगळं तिता बेबीनेच केलं. पाच जानेवारीला तिताला सहासष्ट वर्षं पुरी होत होती. त्याच दिवशी तिला चार दिवसांसाठी पालावान बेटावर न्यायचं, समुद्र दाखवायचा, होडीतून गुहेतली नदी दाखवायची, असा रिझालिनचा बेत.

"चार दिवसांनी परतच यायचं," तिता बेबी म्हणाली, "तर विमानाने कशाला जायचं?"

तिचं चूक नव्हतं. त्या घरातून विमानाने गेलेलं माणूस दोन-दोन वर्षं परत यायचं नाही. बहीण हाँगकाँगला गेली, धाकटा भाऊ बॉय जहाजावर गेला, भाचे दुबईला गेले. मौजेसाठी विमानात बसायचं आणि आठवड्याच्या आत घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकायचे, हे तिच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं.

ती स्वतः कधी विमानात बसली नव्हती, पण पोचवायला मात्र प्रत्येक वेळी हजर. जाणारा आत गेला की बाकीचे जेवायला बसत. तिता बेबी तेवढी मागच्या रस्त्यावर तारेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची, आणि विमान धावायला लागलं की डोक्यावर लाल टॉवेल गरागरा फिरवायची, पार ते दिसेनासं होईपर्यंत. मग जाणाऱ्याचा पोचल्याचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "लाल टॉवेल दिसला का?" उत्तरही ठरलेलं असायचं. "दिसला ना. अगदी स्वच्छ."

रिझालिननेही तेच उत्तर दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या ट्रेनिंगला मनिलाला गेली तेव्हा. खरं तर तिला काहीसुद्धा दिसलं नव्हतं. टॉवेल राहू द्या, कुंपणही धड दिसलं नव्हतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता मात्र तिला ते टोचत होतं, कारण तिता बेबी शेवटी यायला तयार झाली ती एवढ्यासाठीच.

"मला एकदा आतून बघायचंय," ती म्हणाली, "टॉवेल कसा दिसतो ते. मला खिडकीच पाहिजे बघ, दाय." रिझालिनला ती अजून दाय, म्हणजे पोरी, असंच म्हणायची.

म्हणून खिडकी. जूनमध्ये दुपारच्या सुट्टीत, एका हातात पाव धरून, रिझालिनने दुकानाच्या मागच्या खोलीतून तिकिटं काढली. जागा भराभर संपत होत्या. तिने घाईघाईने घरी फोन लावला. "तिता, तिकिटावर तुझं पूर्ण नाव काय घालू?"

पलीकडे दोन क्षण कोंबड्यांचाच आवाज आला. मग तिता म्हणाली, "बेबी सोलिनाप. आणखी काय?"

रिझालिनने ते घातलं. तिला शंका यावी असं त्यात काही नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही 'बी. सोलिनाप', चर्चच्या वर्गणीच्या यादीत 'बेबी', विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर. आणि त्या गल्लीत सत्तरीची बाई नेने, म्हणजे छकुली, पासष्टीचा पुरुष बॉय, तीन पोरांचा बाप तोतो, म्हणजे बाळ्या. लहानपणी घरात जी हाक चिकटली ती जन्मभराची.

जीपनीचं म्हणाल तर रीत मोडायचा बेत आदल्या रविवारीच कोसळला. तिता बेबीने चर्चमधून येताना दहा जणांना सांगून टाकलं होतं.

"अगं, दोघींना पोचवायला बारा माणसं कशाला?" रिझालिनने डोक्याला हात लावला. "आपण चार दिवसांत परत येणार."

"मी चाळीस वर्षं त्यांना पोचवलं," तिता म्हणाली. "आता त्यांची पाळी. मला कुणी नुसतं गाडीत घालून पाठवलेलं चालणार नाही."

तर पाच जानेवारीला पावणेतीनच्या विमानासाठी पावणेअकराला ती मंडळी विमानतळावर उतरली. गल्लीतल्या तोतोची हिरवी जीपनी, पातेलं, डबा, दोन चटया आणि शेजारच्या मानांग नेनेची, म्हणजे नेनेताईची, घडीची खुर्ची. रिझालिन सात किलोची पाठपिशवी लावून जरा बाजूला उभी राहिली, म्हणजे आपण या वऱ्हाडातले नाही असं लोकांना वाटावं. पण मानांग नेनेने तिला अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रिझालिन, तू शू करून घेतलीस का गं?" आणि तो प्रश्न मिटला.

बाराला काउंटर उघडला. तिता बेबी नवा फुलाफुलांचा ब्लाउज घालून सर्वांत पुढे उभी. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र मागितलं. तिताने पर्समधली जपमाळ काढली, तिच्याखालची प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढलं आणि ते पालथं घालून पुढे सरकवलं.

मुलीने कार्ड उलटलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा कार्डाकडे.

"मॅम," ती म्हणाली, "तिकीट बेबी सोलिनाप यांचं आहे. आणि कार्ड तेलेस्फोरा सोलिनाप यांचं आहे."

"कुणाचं?" रिझालिन म्हणाली.

तिता बेबी छताकडे बघत होती.

"तिता, तेलेस्फोरा कोण?"

"हळू बोल," तिता पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. "मी."

मागची बारा माणसं एकदम पुढे सरकली. मग बॉयमामा, म्हणजे जहाजावरून आता घरी परतलेला तितो बॉय, म्हणाला, "तरीच. आईच्या देवघरातल्या कॅलेंडरवर पाच जानेवारीला संत तेलेस्फोरोच होता."

त्या काळात ही सोयच होती. मूल जन्मलं की कॅलेंडर बघायचं, त्या दिवशीचा संत असेल ते नाव ठेवायचं. पहिलीत मास्तरांनी हजेरीला तेलेस्फोरा म्हणून हाक मारली तेव्हा सगळा वर्ग पोट धरून हसला, आणि त्या दिवसापासून या बाईने ते नाव असं दडवलं की पोटच्या पोरीसारख्या भाचीलाही पत्ता लागू दिला नाही. रिझालिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिता रक्तदाबाच्या गोळ्या कधीच तिच्या दुकानातून घेत नसे. ज्येष्ठांच्या सवलतीला कार्ड दाखवावं लागतं ना. म्हणून दर महिन्याला ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जायची, आणि रिझालिन इतकी वर्षं मनातून रुसलेली.

"नाव बदलता येईल ना?" तिने विचारलं.

"सेलच्या तिकिटावर नाव बदलता येत नाही, मॅम," मुलगी म्हणाली. इलोइलोकडची बोली मुळात गाण्यासारखी. तिथे कुणी नाही म्हटलं तरी हो म्हटल्यासारखं वाटतं. "आणि आज दुसरी जागाही शिल्लक नाही, मॅम. फार वाईट वाटतं, मॅम."

तिता बेबीने कार्ड परत प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. "जाऊ दे, दाय," ती म्हणाली. "तू जाऊन ये. मी कुंपणाशी उभी राहते. टॉवेल आणलाच आहे."

हे ती अगदी सहज म्हणाली. ही बाई चाळीस वर्षं कुंपणाच्या त्या बाजूला उभी होती, आणि आज वाढदिवसाच्या दिवशीही तिकडेच परत निघाली होती, जणू तिची जागा तीच.

"मी एकटी जाणार नाही," रिझालिन म्हणाली. मग काउंटरकडे वळली. "बाई, काहीतरी मार्ग असेलच. हिला बेबी म्हणत नाही असं माणूस आमच्या गावात शोधून दाखवा."

मुलीने आत जाऊन साहेबांना विचारलं. पाच मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागदाचा एक चिटोरा होता. बेबी आणि तेलेस्फोरा ही एकच व्यक्ती आहे असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र आणा. दोन साक्षीदार लागतील, आणि दोघेही नात्यातले नकोत. दोन वाजता काउंटर बंद होईल.

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. विमानतळावर ऐन वेळी येणारी माणसं असती तर तिथेच खेळ संपला असता. पण ही मंडळी चार तास आधी आली होती, त्यांची स्वतःची गाडी होती आणि माणसंही चौदा होती. रिझालिनने सकाळपासून प्रथमच आपल्या वऱ्हाडाकडे नीट पाहिलं.

"तोतो," ती म्हणाली, "सांता बार्बाराला नोटरी असेल ना?"

तोतो तोवर जीपनीच्या किल्ल्या फिरवत होता.

सांता बार्बारा दहा मिनिटांवर. चौकातच पाटी सापडली: अ‍ॅटर्नी क्रिसोलोगो गुम्बान, वकील व नोटरी. दाराला कुलूप, खाली दुसरी पाटी: जेवायला गेलो आहे, दीड वाजता येईन. पण चौदा माणसं एकदम उतरली की दीड वाजेपर्यंत थांबायची वेळ येत नाही. तितो बॉयने डावीकडच्या भाजीवाल्याला विचारलं, मानांग नेनेने उजवीकडच्या न्हाव्याला, आणि दोन मिनिटांत समजलं की वकीलसाहेबांचं घर मागच्याच गल्लीत, निळ्या फाटकाचं.

वकीलसाहेब बनियनवर जेवत होते. फाटकाशी एवढी गर्दी बघून त्यांना आधी वाटलं, कुणीतरी वारलं.

"एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र?" ते हात पुसत म्हणाले. "एवढंच ना? ते मी रोज दोन-तीन करतो. अर्ध्या प्रांताला दोन-दोन नावं आहेत. साक्षीदार कोण?"

"आम्ही," बारा जण म्हणाले.

"नात्यातले नकोत हं."

इथे खरी पंचाईत झाली. त्या गावात सगळ्यांची आडनावं 'स' ने सुरू होतात. सोलिनाप, सुमागायसाय, सोरोंगोन. स्पेनच्या राजवटीत साहेबाने आडनावांसाठी गावागावाला अक्षरं वाटली, तेव्हा यांच्या वाट्याला हे आलं. मग पावणेदोनशे वर्षं त्यांनी एकमेकांतच लग्नं लावली. वकीलसाहेबांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. तितो बॉय सख्खा भाऊ, बाद. त्याची बायको बाद. दोन चुलतबहिणी, एक भाचेसून, तिचे आईवडील, बाद. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ गप्प होते, ते निघाले दुसऱ्याच बायकोकडून मेहुणे. शेवटी दोनच माणसं उरली. तोतो आणि मानांग नेने.

"बेबी निनांग माझ्या धर्ममाता आहेत," तोतो काळजीने म्हणाला. "बाप्तिस्म्याला यांनीच मला हातात धरलं होतं."

"ते देवाच्या दरबारात," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्याकडे चालतं. लायसन्स दे. तुझं नाव... पेर्पेतुओ सोरोंगोन?"

जीपनीच्या त्या मंडळींनी तोतोकडे असं पाहिलं की तो खालीच बघू लागला. "हसू नका," तो म्हणाला. "बायकोला लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबांनी सांगितलं तेव्हा कळलं. ती अजून हसते."

"आणि तुम्ही, मानांग? तुमचं काय नातं?"

मानांग नेने घडीच्या खुर्चीवर ताठ बसली होती. खुर्ची तिने जीपनीतून बरोबर आणली होती. "नातं कसं नाही?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको हिच्या आईची मानलेली बहीण होती."

रिझालिनने डोळे मिटले. पाऊण वाजला होता.

"मानांग," ती म्हणाली, "आजच्या दिवस ते नातं नको ना."

"नको म्हणजे?"

"कागदावर लिहायचंय, की तुम्ही हिच्या कोणी लागत नाही."

नेनेचा चेहरा उतरला. "पन्नास वर्षं मी हिच्या भिंतीला भिंत लावून राहिले. हिच्या आईला शेवटचं पाणी मी पाजलं. ही रिझालिन गोवरात फणफणली तेव्हा सात दिवस मी उशाशी बसले. आणि आता शपथेवर सांगू, मी परकी म्हणून? देव बघतोय, बाई. मला नाही जमायचं."

तितो बॉयने टोपी काढून पुन्हा घातली. वकीलसाहेबांनी घसा खाकरला.

"मानांग, चुलतभावाच्या बायकोची मानलेली बहीण, याला कायदा नातं म्हणत नाही."

"मग कायद्याचंच काहीतरी चुकतंय," नेने म्हणाली.

तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला. "डिंगडाँग, अहो सूप गार होतंय."

सगळ्यांनी पाटीवरच्या भारदस्त क्रिसोलोगो गुम्बानांकडे पाहिलं. वकीलसाहेब किंचित लाजले. "घरी तसं म्हणतात," ते म्हणाले. हसू आधी तोतोला फुटलं, मग सगळ्यांनाच, आणि शेवटी नेनेच्याही ओठांचा कोपरा हलला.

ती संधी साधून तिता बेबी पुढे आली आणि नेनेच्या खुर्चीशी उकिडवी बसली. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती चर्चमध्येही अशी बसत नाही.

"नेने," ती म्हणाली, "माझं हे मेलं नाव मी पन्नास वर्षं तुझ्यापासूनसुद्धा लपवलं. त्याची शिक्षा म्हण हवं तर. आजच्या दिवस कागदावर परकी हो. मला एकदा त्या विमानातून खाली बघायचंय गं."

नेनेने पर्स मांडीवर घेतली. मग पर्समधून आपलं कार्ड काढून वकीलसाहेबांना देता देता तिने ते तळहाताने झाकलं. पण वकीलसाहेबांना मोठ्याने वाचायची सवय. "एउस्ताकिया सुमागायसाय."

"एउस्ताकिया?" तिता बेबी म्हणाली.

"तू गप्प बस, तेलेस्फोरा," नेने म्हणाली. त्या दोन बायका एकमेकींना धरून इतक्या हसल्या की दोघींना उठवायला माणसं लागली. सही करताना मात्र नेनेने दोन अटी घातल्या. पालावानहून भाजलेले काजू आणायचे, ते मोठे, फुटके नकोत. आणि आज कुंपणाशी लाल टॉवेल फिरवायचा तो तिने, दुसऱ्या कुणी नाही.

वकीलसाहेबांनी शिक्का मारला तेव्हा दीड वाजला होता. फी घ्यायला ते तयार होईनात. मग तितो बॉयने अदोबोचा अख्खा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तोतोने जीपनी अशी सोडली की चटया मागे उडाल्या. वाटेत एक बैलगाडी आडवी आली, तीही ओळखीच्या माणसाची निघाली, त्यामुळे दोन मिनिटं तब्येतीची विचारपूस करण्यात गेली. पावणेदोनला रिझालिन काउंटरशी पोचली. त्या मुलीने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आत नेऊन साहेबांना दाखवला आणि परत येऊन एक नवा बोर्डिंग पास छापला, कागदाचा, मोबाइलवरचा नव्हे. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, मॅम तेलेस्फोरा," ती म्हणाली. या वेळी तिता बेबीने छताकडे पाहिलं नाही.

दाराशी निरोपाचा गोंधळ झाला. चाळीस वर्षं त्या दाराबाहेर उभी राहिलेली बाई आज आत निघाली होती, आणि कुठल्या बाजूला उभं राहून रडायचं हेच कुणाला कळेना. तिता बेबीने पर्समधून टॉवेल काढला, चार घड्या घातलेला, धुवून धुवून विरलेला, आणि नेनेच्या हातात दिला. "डोक्याच्या वर धर," तिने बजावलं. "छातीपाशी धरलास तर दिसायचा नाही."

विमानात ती खिडकीला नाक लावून बसली. पट्टा रिझालिनने लावला, तिचं लक्षच नव्हतं. रिझालिन मात्र तिच्याकडेच बघत होती. आता हिला कळणार. आपण खोटं बोललो, आईही खोटं बोलली, सगळेच बोलले. विमान वळलं, क्षणभर थांबलं आणि धावायला लागलं. गवत, ऊन, गवत. कुंपण एक बारीक रेघ होऊन मागे गेलं. मग शेतं, मग नारळ, मग नुसते ढग.

तिता बेबीने काच पुसून पुन्हा एकदा खाली पाहिलं. मग ती सावकाश वळली.

"दाय, मनिलाला गेलीस तेव्हा तू कुठल्या बाजूला बसली होतीस?"

"आठवत नाही, तिता," रिझालिन म्हणाली. तिला वर बघवेना.

"हं." तिता म्हणाली. "तुझी आई रडत होती, तिला काय दिसणार. पण बॉय? ते दुबईचे पोरगे? चाळीस वर्षांत एकानेही चुकूनसुद्धा खरं सांगितलं नाही." तिने रिझालिनच्या हातावर हात ठेवला. ती हसत होती. "गुणी आहेत गं माझी माणसं."

रिझालिनने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पालावानला उतरून मोबाइल चालू करतात न करतात तोच तो वाजला. मानांग नेने होती, आणि तिच्या मागे अख्खी जीपनी.

"पोचलात का?" नेनेला धाप लागली होती, जणू ती अजून टॉवेल फिरवतच होती. "बेबी, खरं सांग. दिसला का?"

तिता बेबीने रिझालिनकडे पाहिलं.

"दिसला ना, नेने," तिता बेबी म्हणाली. "अगदी स्वच्छ. फक्त पुढच्या वेळी जरा उजवीकडे उभी राहा, म्हणजे आणखी चांगला दिसेल."

पलीकडे एकच कल्ला झाला. कुणीतरी टाळ्या पिटल्या, आणि नेने सगळ्यांना सांगत होती की डोक्याच्या वर धरला म्हणूनच दिसला. तिता बेबीने फोन पर्समध्ये ठेवला, जपमाळेशेजारी, आणि बाहेर आल्या आल्या पहिल्याच माणसाला विचारलं की इथे मोठे काजू कुठे मिळतात.